जपजी म्हणताना चित्त कुठे असतं? नव्यानं पाठ सुरू करणाऱ्यांसाठी

जपजी साहिब, म्हणजे शीख रोज पहाटे म्हणतात ती गुरू नानकांची रचना, मी ११ मिनिटांत संपवायचो आणि त्याचं मला मोठं कौतुक होतं. नांदेडला आमच्या शेजारी राहणाऱ्या बीबीजींना एकदा ते सांगून बसलो. त्या गच्चीवर कपडे धूत होत्या. पिळलेली चादर झटकता झटकता त्यांनी विचारलं, "विसाव्या पौडीत काय आहे रे बेटा?" पौडी म्हणजे कडवं. तासाभरापूर्वीच ती माझ्या तोंडून गेली होती. मला एक शब्द आठवेना. बीबीजींनी बादलीशेजारची साबणाची वडी उचलून दाखवली. "हे आहे."

खरंच आहे. "भरीऐ हथु पैरु तनु देह ॥ पाणी धोतै उतरसु खेह ॥" हातपाय, अंग मळलं तर पाण्यानं धूळ निघते. कपडा घाण झाला तर "दे साबूणु लईऐ ओहु धोइ", साबण लावून धुवावा. आणि बुद्धीच पापानं माखली तर? "ओहु धोपै नावै कै रंगि", ती नामाच्या रंगानं धुतली जाते. लगेच पुढे गुरू नानक बजावतात, "पुंनी पापी आखणु नाहि", पुण्यवान आणि पापी हे नुसते म्हणायचे शब्द नाहीत. जे करशील तेच लिहून सोबत नेशील. साबण साबण म्हटल्यानं कपडा स्वच्छ निघत नाही, घासावा लागतो. ही पौडी मी रोज म्हणत होतो आणि तिच्यात साबण आहे याचाही मला पत्ता नव्हता.

नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. शीख साधनेत आवृत्ती भरपूर आहे: रोज तेच पाठ, तोच वाहेगुरू, तीच अरदास, म्हणजे प्रार्थना. आणि त्याच गुरबाणीत, म्हणजे गुरू ग्रंथ साहिब या शिखांच्या धर्मग्रंथातल्या वाणीत, पोकळ कर्मकांडावर कोरडे ओढलेले आहेत. गुरू अमरदास म्हणतात, "राम राम सभु को कहै कहिऐ रामु न होइ", राम राम सगळेच म्हणतात, म्हटल्यानं राम मिळत नाही. त्यांच्याच आनंद साहिब या रचनेच्या चोविसाव्या पौडीत तर माझंच चित्र आहे: जीभ रोज हरी हरी करते, पण काय बोलते ते तिला कळत नाही, चित्त मायेनं पळवलंय आणि "बोलनि पए रवाणी", बोलणं आपलं सुरू आहे गडगड गडगड.

मग रोज तेच म्हणायचं की नाही म्हणायचं? म्हणायचं. पण कसं, ते शिकावं लागतं. मी चुकत चुकत शिकलो, ते इथे पायऱ्यापायऱ्यांनी लिहितो. पौडी म्हणजेही पायरीच.

पहिली पायरी: घास लहान घ्या

शीख रहत मर्यादा या आचारसंहितेप्रमाणे नितनेम, म्हणजे रोजचा पाठ, असा: पहाटे जपजी, जाप आणि सवय्ये, संध्याकाळी रहरास, झोपताना सोहिला. अमृत घेतलेले, म्हणजे दीक्षा घेतलेले, बरेच जण पहाटे चौपई आणि आनंद साहिब धरून पाच बाण्या (रचना) म्हणतात. ही यादी पाहून पहिल्याच सोमवारी सगळं सुरू करणारे मी पाहिलेत. दुसऱ्या सोमवारी एक तर पाठ बंद पडलेला असतो किंवा वेग एवढा वाढलेला असतो की ऐकणाऱ्याला धाप लागावी.

तुम्ही मूल मंत्र (जपजीच्या सुरुवातीचा मंत्र) आणि जपजीच्या पहिल्या पाच पौड्या घ्या. पूर्ण जपजीत ३८ पौड्या आणि शेवटी एक सलोक (श्लोक) आहे. सावकाश म्हटलं तर २० ते २५ मिनिटं लागतात. तुमच्या पाच पौड्यांना पाचेक मिनिटं पुरतील. महिनाभर एवढंच. कमी वाटेल, वाटू द्या. यासाठी शीख असण्याची अट नाही. डोकं झाकलेलं, हात धुतलेले आणि गुटका स्वच्छ जागी ठेवलेला, एवढं पाळलं की झालं. (गुटका म्हणजे पाठाची छोटी पोथी. आपल्याकडच्या त्या दुसऱ्या गुटख्याशी तिचा काही संबंध नाही. हा विनोद नांदेडमध्ये सगळ्यांनी ऐकलेला आहे, पुन्हा करू नका.)

दुसरी पायरी: उच्चार कुणाकडून तरी तपासून घ्या

देवनागरीतला गुटका सहज मिळतो, पण त्यात मराठी माणसासाठी एक खड्डा आहे. लिहिलेलं असतं "सति नामु", म्हणायचं असतं "सत नाम". शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व इकार-उकार गुरबाणीत बहुतेक ठिकाणी व्याकरणाची खूण असते, तो उच्चारत नाहीत. आपल्याला जुन्या ओव्यांमधले उकारान्त शब्द खणखणीत म्हणायची सवय असते, त्यामुळे आपण "नामु" असंच म्हणतो. मी दोन महिने म्हणत होतो. शेवटी गुरुद्वाऱ्यातल्या एका ज्ञानीजींनी थांबवलं.

ती खूण मात्र निरुपयोगी नाही, अर्थ लावताना ती कामाला येते. "नामु" एकवचनी कर्ता किंवा कर्म असतं, "नामि" म्हणजे नामात किंवा नामानं. डोळ्यांनी वाचा, जिभेनं सोडा. ॲपवर लावलेलं रेकॉर्डिंग ऐकून चाल कळते, पण तुमची चूक ते तुम्हाला सांगणार नाही. आठवड्यातून एकदा कुणाला तरी म्हणून दाखवा.

तिसरी पायरी: रोज एक ओळ अडू द्या

पाठ संपल्यावर एकच ओळ निवडायची आणि तिचा अर्थ शोधायचा. अख्ख्या पौडीचं भाषांतर वाचत बसू नका, ते वर्तमानपत्रासारखं डोळ्यांखालून जातं. एक ओळ. तीच दिवसभर खिशात ठेवायची.

पहिल्या पौडीपासूनच बघा. "सोचै सोचि न होवई जे सोची लख वार". यातल्या "सोच"चा अर्थ काही जण शौच, म्हणजे शुचिर्भूतपणा असा लावतात आणि काही जण विचार असा. लाख वेळा स्नान केलं तरी, किंवा लाख वेळा विचार केला तरी, हाती लागत नाही. दोन्ही अर्थ चावून बघा, दोन्हीतून रस निघतो. पण मला जास्त बोचली ती पुढची ओळ: "चुपै चुप न होवई जे लाइ रहा लिव तार". सलग मौन धरून बसलो तरी मन गप्प होत नाही. म्हणजे ज्यांना वाटतं की पूजापाठ हे कर्मकांड आणि डोळे मिटून शांत बसणं हे खरं अध्यात्म, त्यांचीही इथे सुटका नाही. स्नान पोकळ होऊ शकतं तसं मौनही पोकळ होऊ शकतं.

चौथी पायरी: वेळ ठरवा, पण वेळेचं देवघर करू नका

चौथ्या पौडीत सांगितलंय, "अंम्रित वेला सचु नाउ वडिआई वीचारु". पहाटेची वेळ, खरं नाम आणि त्याच्या थोरवीचा विचार. त्यातला "वीचारु" हा शब्द लोक पटकन विसरतात आणि गजर लावणं तेवढं लक्षात ठेवतात. पहाट चांगलीच, घर झोपलेलं असतं, फोन वाजत नाही. पण रात्रपाळी करून सकाळी सातला घरी येणाऱ्यानं तेव्हा बसून म्हटलं तर काही बिघडत नाही. बिघडतं ते वेळ चुकली म्हणून घरच्यांवर ओरडून मग पाठाला बसल्यावर. हेही मी केलेलं आहे.

पाचवी पायरी: मन पळालं की काय करायचं

ही सगळ्यात लांब पायरी आहे, कारण इथेच बहुतेक जण सोडून देतात. "माझं लक्ष लागत नाही, म्हणजे हे माझ्यासाठी ढोंगच झालं, त्यापेक्षा नकोच" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते मला आळसाचं सभ्य नाव वाटतं.

जनमसाख्यांमध्ये, म्हणजे गुरू नानकांच्या जुन्या चरित्रकथांमध्ये, सुलतानपूरची गोष्ट येते. गुरू नानक तेव्हा नवाब दौलतखान लोदीकडे होते. "ना कोई हिंदू ना मुसलमान" म्हणणाऱ्या या माणसाला नवाबानं आणि काझीनं मशिदीत नमाजाला नेलं. सगळे वाकले, नानक उभेच राहिले, वर हसले. काझी चिडला. नानकांनी सांगितलं, नमाज तरी तुमची कुठे झाली? काझीसाहेबांच्या घोडीला नुकतंच शिंगरू झालंय, अंगणात विहीर आहे, ते आत पडेल की काय ही तुमची काळजी होती. आणि नवाबसाहेब काबुलात घोडे खरेदी करत होते.

ही गोष्ट आपण दुसऱ्याच्या धर्मावर हसायला वापरतो, तिथे फसतो. नानकांनी नमाज वाईट म्हटलेली नाही. "माझ की वार" या रचनेत ते पाच नमाजांना पाच नावं देतात: पहिली सत्य, दुसरी हलालाची कमाई, तिसरी खुदाच्या नावानं दान, चौथी नेक नियत, पाचवी त्याची स्तुती. काझीचा गुन्हा शिंगरू आठवणं हाही नव्हता. शिंगरू कुणालाही आठवेल. शिंगराच्या मागे धावत असताना त्यानं उभ्या माणसाला जाब विचारला, ही खरी गंमत आहे.

तर प्रत्यक्षात करायचं असं. मोठ्यानं म्हणा, निदान स्वतःला ऐकू येईल इतपत. आठव्यापासून अकराव्या पौडीपर्यंत चारही पौड्या "सुणिऐ" या शब्दाभोवती फिरतात, आणि त्यानंतरच्या चार मानण्याभोवती. आधी ऐकणं, मग मानणं, असा तो क्रम आहे, आणि मनातल्या मनात भरधाव वाचलेलं स्वतःचं स्वतःलाच ऐकू जात नाही. मन पळाल्याचं कळलं की जिथे कळलं त्या ओळीपासून पुढे चला. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका, ती शिक्षा होते आणि शिक्षेचा कंटाळा येतो. एखाद्या दिवशी सगळ्या पाठात एकच ओळ कानात शिरली, तर ती एक ओळ मिळाली असं समजा.

सहावी पायरी: मोजणीशी मैत्री ठेवा, लग्न करू नका

बरेच शीख सिमरना, म्हणजे मण्यांची माळ वापरतात. काही जण ४० दिवसांचा नेम धरतात. हाताला काम दिलं की मन थोडं थाऱ्यावर येतं, हा साधा अनुभव आहे. जपजीच्या ३२ व्या पौडीत तर इच्छाच अशी आहे की एका जिभेच्या लाख जिभा व्हाव्यात, लाखाच्या वीस लाख, आणि प्रत्येक जिभेनं लाख लाख वेळा एका जगदीशाचं नाव घ्यावं. आवृत्तीची याहून मोठी हाव कुठे सापडणार?

पण कबीर त्याच गुरू ग्रंथ साहिबमध्ये विचारतात, "कबीर जपनी काठ की किआ दिखलावहि लोइ", लाकडाची माळ लोकांना काय दाखवतोस? हृदयात राम नाही तर या माळेनं काय होणार? आणि सुखमनी साहिबमध्ये गुरू अर्जन सगळी शास्त्रं, व्रतं, तपं एका पारड्यात टाकून दुसऱ्या पारड्यात काय ठेवतात, तर "नामु जपीऐ इक बार". एकदा. वीस लाख जिभाही खऱ्या आणि हे एकदाही खरं. आकडा कुणासाठी वाढवतोय ते तपासत राहायचं. व्हॉट्सॲपच्या गटात "आज १०८ झाले" असं टाकावंसं वाटलं की माळ त्या दिवसापुरती खुंटीला अडकवा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो: मुलाला नोकरी लागेपर्यंत रोज इतके पाठ, असा सौदा करू नका. अरदास मोकळेपणानं करा, मागायचं ते मागा. पण पाठाला चलन बनवलं की काम झाल्यावर पाठ सुटतो, आणि न झाल्यावर देव सुटतो.

सातवी पायरी: पाठावरून उठल्यावरचे तेवीस तास

इथे मराठी माणसाला मदत घरातूनच मिळते. गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत. पंजाबातलं घुमान त्यांच्या नावानं ओळखलं जातं. २०१५ चं ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. रामकली रागातलं त्यांचं एक पद मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते: "आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले". आणिले, काटिले! पंजाबच्या ग्रंथात आपली क्रियापदं अशी अंगणातल्या मुलांसारखी खेळताना दिसली की पहिल्यांदा वाचणारा दचकतोच.

पोरानं कागद आणला, कापून पतंग केला, आभाळात सोडला. मित्रांशी गप्पा चालू आहेत, पण चित्त दोरीत. तरण्या मुली घागरी भरून डोक्यावर घेतात, हसतात, खिदळतात, एकमेकींना टाळ्या देतात, चित्त घागरीत. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरात. बाळ पाळण्यात निजवलंय, आई आत-बाहेर कामं उरकतेय, चित्त बाळात. हे सगळं नामदेव संत त्रिलोचनांना सांगताहेत.

याच दोघांचा संवाद कबीरांच्या सलोकांमध्येही आलाय. त्रिलोचन टोमणा मारतात: नामा, तू मायेत अडकलास, कापड छापत काय बसतोस, रामात चित्त का लावत नाहीस? नामदेवांचं उत्तर: "हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि". हातापायांनी सगळं काम कर, चित्त निरंजनापाशी ठेव. नाम जपो, किरत करो, वंड छको, म्हणजे नाम, कष्टाची कमाई आणि वाटून खाणं, ही शिखांची तीन सूत्रं या एका ओळीत अर्धीअधिक येऊन जातात.

करायचं काय, तर सकाळी खिशात ठेवलेली ती एक ओळ दिवसातल्या एका ठरावीक कामाला बांधा. मी स्कूटर सुरू करताना म्हणतो. कुणी पोळ्या लाटताना म्हणेल, कुणी जिना चढताना. काम तेच असावं, रोज बदलू नये. आणि वाणसामानाच्या दुकानात सुटे पैसे जास्त परत आले तर ते परत द्यावेत. तेव्हा पहिल्या नमाजेचं नाव आठवतं.

आठवी पायरी: गुरुद्वाऱ्यात गेल्यावर लगेच न्यायाधीश होऊ नका

चार पुस्तकं वाचून झालेला नवखा इथे हमखास घसरतो. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये रोज भल्या पहाटे गोदावरीचं पाणी घागरीतून आणतात आणि तख्ताच्या सेवेला वापरतात. संध्याकाळी दिव्यांनी आरती होते. पंजाबातल्या बहुतेक गुरुद्वाऱ्यांत दिव्यांची आरती दिसत नाही, हजूर साहिबची मर्यादा, म्हणजे तिथली रीत, वेगळी आहे. एका पाहुण्यानं मला तिथेच विचारलं होतं, "गुरू नानकांनी तर आकाशाचं ताट आणि सूर्य-चंद्राचे दिवे सांगितले, मग हे काय?" प्रश्न चोख आहे. नामदेवांनीही आसा रागातल्या पदात घागर भरून ठाकुराला स्नान घालायला घेतलं आणि थबकले: पाण्यात बेचाळीस लाख जीव, तिथेही विठ्ठलच आहे, मग मी न्हाऊ कुणाला घालू? "बीठलु भैला काइ करउ".

पण घागर घेऊन चालणाऱ्या सिंगाचं चित्त घागरीत आहे की नाही, हे भिंतीशी उभं राहून मला किंवा त्या पाहुण्याला कसं कळणार? आपल्याला फक्त आपली घागर तपासता येते.

अखंड पाठाचंही तसंच. ४८ तासांत आळीपाळीनं १,४३० अंगांचं (पानांचं) सलग वाचन होतं. घरी तो ठेवायचा, ग्रंथी आत वाचताहेत आणि घरचे बाहेर मंडपवाल्याशी हुज्जत घालताहेत, असं चित्र सर्रास दिसतं. रहत मर्यादा पाठाशेजारी कुंभ, तुपाचा दिवा, नारळ ठेवायला मनाई करते, आणि पाठ घरच्यांनी करावा, निदान ऐकावा अशी अपेक्षा ठेवते. नव्या माणसाला माझा सल्ला सहज पाठाचा. आपल्या चालीनं, रोज थोडा, कितीही महिने लागोत. आणि गुरुद्वाऱ्यात माथा टेकून झाला की लंगरच्या मागच्या बाजूला जाऊन थाळ्या धुवायला बसा. विसावी पौडी तिथे पटकन कळते, साबणासकट.

पुढे काय?

महिन्यानंतर पाच पौड्यांच्या दहा करा. पूर्ण जपजी व्हायला सहा महिने लागले तरी लागू द्या. दुसरी बाणी घ्यायची तर रात्रीचा कीर्तन सोहिला घ्या: पाचच शबद (पदं) आहेत, आणि "गगन मै थालु रवि चंदु दीपक बने" ती आरती त्यातच येते. अंथरुणावर बसून म्हणायची बाणी आहे, त्यामुळे झोप येते. डोळे जड व्हायला लागले तर गुटका आधी रुमालात गुंडाळून उंच ठेवा, मग उरलेलं पाठ असेल तेवढं म्हणत पडा.